लिंबोणीचा उपास

या, असे जवळ सरकून बसा. बुवांची गाडी उशिरानं धावते आहे, म्हणजे आपल्याकडं थोडा वेळ आहे. भिंतीला टेकू नका. टेकलेला माणूस पूर्वरंगातच घोरायला लागतो, हे मी पुष्कळ कीर्तनांत टाळकऱ्यांच्या रांगेतून पाहिलेलं आहे. पुढं या. एका झाडाला मी उपास कसा धरायला लावला आणि तो सगळ्या गल्लीनं मिळून कसा मोडला, ती हकीकत सांगतो. शेवटी तुमच्याकडं एक मागणं आहे, पण ते शेवटी.

मला तुम्ही ओळखताच. उभी हयात तुळजापूरच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल आणि कुठली लागणारच नाही, हे माईकवरून सांगायचं. आख्खा स्टँड कान देऊन ऐकायचा. निवृत्त होऊन धाराशिवला घरी बसलो तेव्हा कळलं, की लोक माझं नाही, माईकचं ऐकत होते. घरात मी काहीही सांगितलं तरी आमची मंडळी, सारजा, म्हणते, "बरं," आणि तिला करायचं तेच करते. म्हणून मी परसबाग केली. भाजीपाला उलट बोलत नाही, असा माझा समज होता.

बाग म्हणजे घराच्या कडेची चिंचोळी पट्टी. वांग्याची एक ओळ, दोन शेवगे, एक डाळिंब, आणि फाटकाशेजारी लिंबोणी. माघ उतरायला लागला की या एवढ्याशा जागेत कामाची कोण गर्दी. वांग्याची जुनी खोडं उपटायची, शेवगा छाटायचा, भेंडी-दोडक्याचे वाफे धरायचे, झाडांच्या आळ्यांत उसाचं पाचट अंथरायचं. यंदा यातलं एकही काम धड झालं नाही. सगळं त्या लिंबोणीपायी.

ती लिंबोणी सिद्रामप्पांनी लावलेली. नव्या मंडळींसाठी सांगतो, सिद्रामप्पा आपल्या भजनी मंडळाचे मृदंगवाले, आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या मुरूमकडचे. घरात कानडी, दारात मराठी, आणि मृदंगावर बसले की तिसरीच एक भाषा, जी देवाला थेट कळायची. एकदा गावाकडून येताना लिंबोणीचं रोप मांडीवर घेऊन एसटीनं आले. त्यांच्या अंगणात फरशी, म्हणून माझ्या फाटकाशेजारी आपल्या हातानं खड्डा करून लावलं आणि म्हणाले, "कंट्रोलर, हिला लिंबं लागली की कीर्तनाला येईल त्या प्रत्येकाला सरबत पाजायचं. गळा सुकलेला माणूस देवाचं नाव कसं घेणार?" मी हो म्हणालो. कीर्तनातल्या माणसानं दिलेला शब्द कागदावर लिहायला लागत नाही. आणि म्हणूनच तो मोडायचीही सोय नसते.

झाड वाढलं, हिरवंगार झालं, माझी दोन धोतरं काट्यांनी फाडली, पण फूल म्हणून आलं नाही. सिद्रामप्पा रोज सकाळी भिंतीवरून मान उंच करून बघायचे आणि आत जायचे. गेल्या वर्षी श्रावणात ते गेले. फूल बघायचं राहून गेलं.

आणि यंदा आमच्या रणधीरनं चारचाकी ठरवली. पाडव्याला घरी येणार. पण उभी कुठं करणार? फाटकातून आत घ्यायची तर बरोबर लिंबोणीच्या जागेवर. मुलगा वाईट नाही हो. समोर बसून शांतपणे म्हणाला, "अण्णा, इतकी वर्षं झाली. फळ न्हाय, फूल न्हाय, नुसते काटे. पाडव्यापर्यंत एक फूल दाखवा, गाडी बाहेर उभी करतो. न्हाय दिसलं तर झाड काढायचं. शब्द देतो." शब्द देण्याची खोड त्याला माझ्याकडूनच लागलेली.

मी तामलवाडीला मेहुण्याला, बलभीमला, फोन लावला. त्याची लिंबाची बाग आहे. त्यानं विचारलं, पाणी किती घालताय? मी अभिमानानं सांगितलं, आंघोळीचं सगळं, भांड्यांचं सगळं, वर पूजेनंतरचा तांब्या. पलीकडून त्यानं मोठा उसासा टाकला. "दाजी, झाड लई सुखावलंय. सुखात माणसाला देव आठवत न्हाय, तसं झाडाला फूल आठवत न्हाय. पाणी तोडा. आमी बागेला ताण देतो तसा ताण द्या. पानांना माना टाकू द्या. पाणी कधी सोडायचं ते म्या फोन करून सांगतो. तवर एक थेंब जरी पडला तर नुसती पालवी फुटंल, मग बसा बघत."

सुखात देव आठवत नाही, हे वाक्य मी बुवांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. मेहुण्याच्या तोंडून पहिल्यांदाच. मला एकदम पटलं. म्हणजे झाडाला एकादशी धरायला लावायची. फक्त पारणं कधी, ते बलभीमच्या फोनवर.

आता गल्लीत बातमी पसरायला काय लागतं? समोरचे किराणा दुकानदार महांतप्पा पुडी बांधता बांधता म्हणाले, ताणबिण ठीक, पण झाडाला भीती दाखवायला लागते. जुनी रीत आहे: एकानं कुऱ्हाड उगारून "तोडतो" म्हणायचं, दुसऱ्यानं त्याचा हात धरून "राहू द्या, पुढच्या साली फळ देईल" म्हणायचं. झाड ऐकत असतं. माझा विश्वास नव्हता, पण काळजीतल्या माणसाला विश्वासाची गरज नसते, त्याला काहीतरी करायला हवं असतं. कुऱ्हाड महांतप्पांनीच दिली. हात धरायचं काम सारजाला सांगितलं. तिनं "बरं" म्हटलं.

संध्याकाळी मी कुऱ्हाड उगारली आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणालो, "तोडतो." हात धरायला कुणी येईना. सारजाचं दूध उतू चाललं होतं. मी पुन्हा म्हणालो, "तोडतो बरं का." हात भरून आला, पण उगारलेली कुऱ्हाड मध्येच खाली घेतली तर झाडाला काय वाटेल? तेवढ्यात भिंतीवरून कुणीतरी बघतंय असं वाटलं. सिद्रामप्पांच्या मंडळी, लक्ष्मम्मा. त्यांनी कुऱ्हाड बघितली, माझं तोंड बघितलं, आणि आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडं येणं बंद केलं.

तरी मी नेटानं कामाला लागलो. मोरीचं पाणी पाइप लावून दुसरीकडं वळवलं. भेंडीच्या वाफ्यातलं पाणी मुळांपर्यंत पाझरू नये म्हणून मध्ये चर खणायला घेतला. चर बघून येणारा-जाणारा थांबायचा. एकानं विचारलं, बोअर घेताय का? दुसऱ्यानं दबक्या आवाजात विचारलं, काही सापडलं का? मी मान न उचलता कुदळ मारत राहिलो, आणि ती नळाच्या पाइपावर बसली. आपल्याकडं नळ रोज थोडाच येतो? तो तिथी बघून येतो. ती तिथी नेमकी त्या दिवशी होती. पाण्याचं कारंजं असं उसळलं की थेट लिंबोणीच्या डोक्यावर अभिषेक. मी दोन्ही हात पाइपावर दाबून धरले तर पाणी माझ्या बाहीतून घुसून गळ्यातून बाहेर. धावत आलेल्या शेजाऱ्यांच्या हातात घागरी होत्या. कुणीही पाइप धरला नाही, सगळ्यांनी पाणी भरलं. महांतप्पा म्हणाले, "कंट्रोलर, येवढ्या जोरात नळाला कधी येत न्हाय. राहू द्या असंच." प्लंबर लग्नाला गेला होता.

ताण पुन्हा पहिल्यापासून धरायचा, असं बलभीमनं सांगितलं. आता मी थेंबाचाही हिशेब ठेवायला लागलो. वाफ्यातल्या भेंडीला तीर्थासारखं पळीनं पाणी दिलं. दव पडतं की काय म्हणून पहाटे उठून बघितलं. सारजा म्हणाली, झाडावर छत्री धरून बसा. मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं, पण छत्री कुठं आहे ते मनात आठवून ठेवलं.

इकडं रणधीरनं झाड काढायच्या परवानगीसाठी कचेरीत अर्ज दिला. मी आतून निवांत होतो. कचेरीच्या हळूपणावर माझी देवाइतकीच श्रद्धा. तरी खात्री करावी म्हणून एक दिवस गेलो, आणि तिथल्या भाऊसाहेबांना हळूच म्हणालो, त्या अर्जाचं जरा बघा. मला म्हणायचं होतं, जरा थांबवा. पण ते चटकन उठून उभे राहिले. "काका, तुम्ही व्हय? तुमचा आवाज तुळजापूरच्या स्टँडवर ऐकलाय. बुवांच्या मागं टाळ धरता ते तुम्हीच की. तुमचं काम आन म्या फाईल अडवू?" मला चहा पाजला आणि चहा संपायच्या आत परवानगी हातात दिली. बाहेर येऊन मी पायरीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी काम वेळेआधी झालं होतं, आणि ते माझ्या पुण्याईवर.

मग पानांनी माना टाकल्या. आधी कडा वळल्या, मग पिवळेपणा आला, मग वाऱ्याशिवायच पानं खाली पडायला लागली. बलभीम म्हणाला होता तसंच. पण आता पाणी सोडायचं कधी? मी फोन लावला. लागेना. दुसऱ्या दिवशी लागेना. तिसऱ्या दिवशी त्या यंत्रातली बाई शांतपणे सांगत होती, संपर्क होऊ शकत नाही. मीसुद्धा असाच शांतपणे लोकांना गाडी रद्द झाल्याचं सांगायचो; त्यांना काय वाटत असेल ते मला आता कळलं. पाणी घालावं तर नुसती पालवी, न घालावं तर झाड जाणार. मी पाणी पितानासुद्धा फाटकाकडं पाठ करून प्यायला लागलो.

शेवटी मनाचा हिय्या करून लक्ष्मम्मांच्या दारात गेलो. म्हटलं, सगळं समजावून सांगू. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कंट्रोलर अण्णा, आमच्या यजमानांनी लेकरू मांडीवर घ्यावं तसं रोप आणलं. तुमाला गाडीला जागा पायजे तर सरळ तोडा. तोडलेलं बघंन मी. तहानेनं मारताय ते बघवत न्हाय." मी म्हणालो, हे फुलासाठीच चाललंय. त्या म्हणाल्या, "असल्या फुलाची गोष्ट कुठल्या कीर्तनात ऐकली, अण्णा?" आजवरची सगळी कीर्तनं मनात चाळत मी घरी परतलो.

त्याच विवंचनेत मला ती दुर्बुद्धी सुचली. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी देवळात कीर्तन होतं. मी बुवांना आधी गाठून विनवलं, उत्तररंगात झाडांवर दोन शब्द बोला, माझा मुलगा समोर बसणार आहे. म्हटलं, त्याचं मन पाझरलं तर गाडी बाहेर राहील, मग फूल येवो न येवो.

बुवा काय बोलले म्हणता. त्यांनी गोष्ट लावली: एका भाविकाच्या दारात वाटसरूच्या रूपानं देव आला, अंगणातल्या झाडाखाली बसला. भाविकानं दूध आणलं, लाडू आणला, वारा घातला. वाटसरू काहीच घेईना. म्हणाला, मी ज्याच्या सावलीत बसलोय त्याचा गळा सुकलाय. आधी त्याला पाज, मग मला. सगळं देऊळ हुंदके द्यायला लागलं. सगळ्यात जास्त मी. माझा टाळ चुकला, आजवर कधी चुकला नव्हता. शेवटी बुवा हात जोडून म्हणाले, "मायबाप हो, उद्या देवाला स्नान घालायच्या आधी तुमच्या दारच्या सुकल्या झाडाला तांब्याभर पाणी घाला." डोळे पुसून मी रणधीरकडं बघितलं. तो नव्हता. गाडीच्या शोरूममधून फोन आला म्हणून तो पूर्वरंगातच उठून गेला होता.

आणि माझ्या तेव्हा ध्यानात आलं की सगळ्या गल्लीत सुकलेलं झाड एकच आहे.

सकाळी फाटक वाजलं. उघडून बघतो तर तांब्यांची रांग. कुणी घागर, कुणी कळशी, महांतप्पा दुकान उघडायच्या आधी बादली घेऊन. कुणी बुंध्याला हळदकुंकू वाहिलं, कुणी नारळ फोडून त्याचं पाणीही आत ओतलं. मी आडवा झालो, म्हणालो, मंडळी, या झाडाचा उपास आहे. एक म्हातारी मला बाजूला सारत म्हणाली, "उपासाला पाणी चालतं की, बाबा." बाकीचे माझ्याकडं असे बघत होते, जसं देवळाच्या पायरीवर दार बंद करणाऱ्याकडं बघतात. तरी मी हात पसरून उभा राहिलो असतो. पण रांगेच्या शेवटी लक्ष्मम्मा होत्या. त्यांच्या हातात सिद्रामप्पांचा पितळी तांब्या, मृदंगाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक ज्यातल्या पाण्यानं ते भिजवायचे तो. मी बाजूला झालो. त्यांनी धार धरली, तांब्या पार रिकामा केला, आणि माझ्याकडं न बघता गेल्या.

ताण मोडला. काही दिवसांत टोकांना तांबूस कोंब दिसले. पालवी. बलभीमनं सांगितलं होतं तेच. त्यानंतर मी झाडाकडं बघायचंच सोडलं. फाटकातून जाताना मान खाली. रणधीरनं लाकूडतोड्याशी बोलणं केलं. पाडव्याला झाडावर कुऱ्हाड नको, असं सारजानं बजावल्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळचं ठरलं. सिद्रामप्पांचा फोटो भजनी मंडळाच्या कपाटावर आहे, तिकडं तेवढं बघवेना.

पाडव्याला गुढी उभारली, साखरेची गाठी बांधली, आणि हार घातलेली पांढरी गाडी फाटकासमोर आली. गल्ली गोळा झाली. ओवाळणं झालं, नारळ झाला. मग चाकाखाली ठेवायला लिंबं हवीत, तर लिंबंच नाहीत. रणधीर म्हणे आईनं आणली असतील, सारजा म्हणे मला कुणी सांगितलं. महांतप्पांची पाटी रिकामी. सकाळपासून सगळी लिंबं गावातल्या नव्या गाड्यांखाली गेलेली. गाडी घेऊन आलेला शोरूमचा ड्रायव्हर म्हणे, लिंबाशिवाय मी चाक फिरवत नाही. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी सहज म्हणालं, अहो, दारात लिंबोणी आहे की.

रणधीरनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं.

लक्ष्मम्मा ओवाळायला म्हणून तेवढ्यापुरत्या आल्या होत्या. त्या पुढं झाल्या आणि चुकून एखादं लिंबू असेल म्हणून भिंतीकडच्या दाट फांद्यांत हात घातला. काटे टोचले असतील, पण हात मागं घेईनात. तशाच उभ्या राहिल्या, तोंड पानांत.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "वास घ्या."

मी गेलो. पालवी होती, आणि पालवीच्या पोटात कळ्या. तांदळाएवढ्या, मोत्याएवढ्या, आणि एक उमललेली, पांढरी. फांदी वर केली तर भिंतीकडची सगळी बाजू भरलेली. मी मान खाली घालून ये-जा करत होतो त्या दिवसांत ती माझ्या डोक्याशी फुलत होती.

रणधीर आला. त्यानं फांदी धरून कळ्या निरखल्या. लक्ष्मम्मांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे रे बाळा. पुढच्या साली फळ देईल."

त्या रीतीतलं दुसऱ्या माणसाचं वाक्य, जे त्या संध्याकाळी म्हणायला कुणी आलं नव्हतं. महांतप्पा मागून म्हणाले, "म्हणलो न्हवतो? दुसरा माणूस लागतोच." रणधीर म्हणाला, "गाडी बाहेर राहील, काकू." लाकूडतोड्याला त्यानं तिथूनच फोन केला. चाकाखाली शेवटी माझ्या उपटायच्या राहिलेल्या झाडांची चार वांगी ठेवली. ड्रायव्हर कुरकुरला, पण चालली गाडी. अजून चालते आहे.

बलभीम संध्याकाळी श्रीखंडाला आला. फोन विहिरीत पडला होता म्हणे. पाणी शिवरात्रीच्या सुमाराला सोडा, हेच सांगायचं होतं. झाड बघून म्हणाला, "बरं सोडलंत. अजून आठ दिवस ताणलं असतं दाजी, तर सरपणच झालं असतं." मी म्हणालो, मी नाही सोडलं. मग कुणी सोडलं? मी रांगेतल्या एकेकाची नावं सांगायला लागलो, आणि शेवटचं नाव भिंतीकडं तोंड करून घेतलं.

तर असं आहे. बाहेर हॉर्न वाजला, बुवा आले वाटतं. गाडी फलाटाला लागली. पण उठू नका. लक्ष्मम्मा सकाळपासून त्याच लिंबोणीची लिंबं पिळतायत, मीठ-साखर त्यांच्याच हातची. हे पेले पुढं सरकवा, कुणी सुटायला नको. आता माझं मागणं. हे सरबत घ्या, पण ओठाला लावायच्या आधी त्या कोपऱ्यात बघा. तिथं नवा पोरगा मृदंगाला कणीक लावतोय, त्याच पितळी तांब्यातल्या पाण्यानं. त्या जागी आमचे सिद्रामप्पा बसायचे. पहिल्या घोटाआधी त्यांची आठवण काढा. गळा ओला झाला की मग देवाचं नाव घ्यायचंच आहे.